फर्डिनांड झाउअरब्रुख

अर्न्स्ट फर्डिनांड झाउअरब्रुख (जन्म : बार्मेन, ३ जुलै १८७५, मृत्यू : बर्लिन, २ जुलै १९५१) हे जर्मन शल्यविशारद होते. छाती उघडून फुप्फुसांवर शस्त्रक्रिया करणे शक्य व्हावे म्हणून त्यांनी १९०४ साली न्यूनदाब कक्ष तयार केला. पहिल्या महायुद्धात त्यांनी हात गमावलेल्या सैनिकांसाठी एक कृत्रिम हात विकसित केला. हा हात रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूंनी चालत असे आणि तो 'झाउअरब्रुख हात' या नावाने ओळखला जातो. उरलेल्या स्नायूकडून थेट आज्ञा घेणाऱ्या कृत्रिम अवयवांच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. नाझी राजवटीतील झाउअरब्रुख यांच्या वर्तनावर मात्र गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत.

बालपण आणि शिक्षण

झाउअरब्रुख यांचा जन्म आजच्या वुपरटाल शहराचा भाग असलेल्या बार्मेन येथे झाला. वडील कापड गिरणीत तांत्रिक काम पाहत असत. फर्डिनांड लहान असतानाच त्यांचे क्षयरोगाने निधन झाले. त्यानंतर आईने त्यांना आपल्या माहेरी, एल्बरफेल्ड येथे वाढवले. आजोबा चर्मकार होते आणि पादत्राणे शिवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. मारबुर्ग येथे काही काळ निसर्गविज्ञाने शिकल्यावर झाउअरब्रुख वैद्यकशास्त्राकडे वळले. येना आणि लाइपझिग येथे शिकून १९०२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढची एक-दोन वर्षे लहानमोठ्या रुग्णालयांत काम करण्यात गेली. १९०३ साली ते ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे त्या काळचे ख्यातनाम शल्यविशारद योहान फॉन मिकुलिच यांच्या हाताखाली रुजू झाले.

न्यूनदाब कक्ष

विसाव्या शतकाच्या आरंभी पोटावरील शस्त्रक्रिया बऱ्यापैकी रुळल्या होत्या, पण छाती उघडणे म्हणजे बहुधा रुग्णाचा मृत्यू असे. छातीच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो आणि त्यामुळे फुप्फुसे फुगलेली राहतात. छाती उघडताच बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस आकसते आणि श्वसन कोलमडते. मिकुलिच यांनी हा प्रश्न आपल्या तरुण सहायकाकडे सोपवला.

झाउअरब्रुख यांनी काढलेला उपाय मुळात साधा होता. छाती उघडायची ती कमी दाबाच्या कक्षात. रुग्णाचे धड कक्षाच्या आत आणि डोके कक्षाबाहेर ठेवायचे, मानेभोवती हवाबंद रबरी पट्टी बसवायची आणि आतील हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित कमी करायचा. रुग्ण नेहमीच्या दाबाची हवा घेत असल्याने उघड्या छातीतही फुप्फुस फुगलेले राही. प्रथम कुत्र्यांवर लहान पेटीत प्रयोग झाले. पुढे शल्यविशारद, सहायक आणि शस्त्रक्रियेचे टेबल सामावतील एवढा कक्ष बांधला गेला. एप्रिल १९०४ मध्ये बर्लिन येथील जर्मन शल्यविशारदांच्या अधिवेशनात त्यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा त्यांचे वय २८ वर्षे होते. पहिला मानवी रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचू शकला नाही, परंतु नंतरच्या शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या.

त्याच सुमारास लुडोल्फ ब्राउअर यांनी उलट मार्ग सुचवला होता. कक्षातील दाब कमी करण्याऐवजी रुग्णाच्या श्वासमार्गातील दाब वाढवावा, असे त्यांचे म्हणणे होते. काळाने त्यांचीच दिशा योग्य ठरवली. श्वासनलिकेत नळी घालून दाबाखाली हवा देण्याची पद्धत रुळल्यावर मोठमोठे कक्ष निरुपयोगी झाले. तरीही छाती सुरक्षितपणे उघडता येते हे झाउअरब्रुख यांनी दाखवून दिले होते.

मिकुलिच १९०५ साली वारले. त्यानंतर झाउअरब्रुख ग्राइफ्सवाल्ड आणि मारबुर्ग येथे होते. १९१० साली झ्युरिक विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. दावोससारखी क्षयरोग्यांची आरोग्यधामे स्वित्झर्लंडमध्ये होती. तेथील रुग्णांवर बरगड्यांचे भाग काढून रोगग्रस्त फुप्फुस दाबून ठेवण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांनी प्रावीण्य मिळवले. क्षयावर प्रभावी औषध नसण्याच्या त्या काळात या शस्त्रक्रियेने अनेकांना आयुष्य दिले. त्याची किंमत म्हणून छाती कायमची विद्रूप होत असे.

झाउअरब्रुख हात

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या साठ हजारांहून अधिक सैनिकांनी हात किंवा पाय गमावले. पायाच्या बाबतीत लाकडी पायाने निदान उभे राहता आणि चालता येई. हाताचे काम कितीतरी नाजूक असते. त्या वेळचे बहुतेक कृत्रिम हात एक तर शोभेचे होते, नाहीतर खांद्याच्या हालचालीने ओढल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर चालत. बर्लिनमधील अभियंत्यांचा कल कामगाराला हातापेक्षा अवजार देण्याकडे होता. त्यांच्या रचनेत बाहीला आकडा, चिमटा किंवा हातोडी जोडण्याची सोय असे. कारखान्यात परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही, मात्र त्यात माणसाला हात परत मिळत नव्हता.

स्नायूंचा थेट वापर करण्याची मूळ कल्पना झाउअरब्रुख यांची नाही. १८९६ साली अडोवाच्या लढाईत इटलीचा इथियोपियाकडून पराभव झाला आणि इटलीच्या बाजूने लढलेल्या अनेक एरिट्रियन सैनिकांचे हात-पाय शिक्षा म्हणून तोडण्यात आले. ही वार्ता ऐकून जुलियानो वांगेत्ती या इटालियन डॉक्टरच्या मनात विचार आला की, पंजा गेला तरी तो हलवणारे स्नायू बाहूत शिल्लक असतात आणि त्यांची शक्ती वाया जाते. त्यांनी कोंबड्यांवर प्रयोग केले आणि १८९८ पासून हा विचार प्रसिद्ध केला. अंतोनियो चेची यांनी १९०० साली या तत्त्वावर माणसावर शस्त्रक्रिया केली. पुढची पंधरा वर्षे हे तंत्र जवळजवळ दुर्लक्षित राहिले.

शस्त्रक्रिया

१९१५ पासून झाउअरब्रुख यांनी या कल्पनेला वापरता येईल असे रूप दिले. झ्युरिकची प्राध्यापकी सांभाळून ते स्विस सीमेलगतच्या झिंगेन या जर्मन गावातील लष्करी रुग्णालयात शस्त्रक्रिया करीत असत. त्यांच्या पद्धतीत विच्छेदनानंतर उरलेल्या खुंटावरील त्वचेचा एक पट्टा सोडवून त्याची नळी केली जाई. ही नळी स्नायूच्या मांसल भागातून आरपार ओढून घेत. अशा रीतीने स्नायूत आतून त्वचेचे अस्तर असलेला एक आडवा बोगदा तयार होई. त्वचा काढलेल्या जागी दुसरीकडची त्वचा बसवली जाई. जखम भरल्यावर या बोगद्यात हस्तिदंताची एक छोटी दांडी घालत आणि तिची दोन्ही टोके बाहेर राहत. रुग्णाने स्नायू आकुंचित केला की दांडी सरके. दांडीला जोडलेल्या दोऱ्या कृत्रिम हाताच्या यंत्रणेला ओढत. सामान्यतः परस्परविरोधी दोन स्नायूंत असे बोगदे करीत. एका स्नायूने बोटे मिटत आणि दुसऱ्याने उघडत.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपले असे नव्हते. अनेक महिने न वापरलेला स्नायू दुबळा झालेला असे, त्यामुळे दांडीला वजने टांगून रुग्णाकडून व्यायाम करून घ्यावा लागे. नसलेला पंजा मनात आणून तो मिटण्याचा प्रयत्न करायला रुग्णाला शिकवले जाई. आजचे विद्युत्-चालित हात वापरणाऱ्यांचे प्रशिक्षणही याच पायावर उभे असते.

अभियंत्याचा वाटा

या कामातील दुसरे महत्त्वाचे नाव आउरेल स्टोडोला यांचे आहे. झ्युरिकच्या तंत्रविज्ञान संस्थेतील हे प्राध्यापक बाष्प टर्बाइनवरील आपल्या ग्रंथामुळे जगभर ओळखले जात. झाउअरब्रुख यांनी त्यांची मदत मागितली आणि त्यांनी ती दिली. त्यांच्यापुढचा प्रश्न यंत्रशास्त्राचा होता. एखादा स्नायू किती बलाने आणि किती अंतर ओढू शकतो, यावर त्याला करता येणारे काम ठरते. बल भरपूर आणि सरकणे थोडे असेल, तर बोटे घट्ट मिटतील पण पुरेशी उघडणार नाहीत. तरफांच्या साहाय्याने सरकणे वाढवले, तर पकड ढिली पडेल. म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या स्नायूचे मोजमाप करूनच त्याचा हात घडवावा लागे. पुढे याकोब ह्युफनर यांनी रचलेला यांत्रिक पंजाही या शस्त्रक्रियेच्या जोडीने वापरात आला.

१९१६ साली झाउअरब्रुख यांचा 'इच्छेनुसार हलवता येणारा कृत्रिम हात' हा जर्मन ग्रंथ प्रसिद्ध झाला. शल्यविशारद आणि तंत्रज्ञ या दोघांसाठी मार्गदर्शक असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. त्यात झ्युरिकच्या शरीररचनाशास्त्रज्ञांचाही सहभाग होता. दुसरा खंड १९२३ साली निघाला.

गुण आणि मर्यादा

झाउअरब्रुख हाताचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या हयातीत पुरता ओळखला गेला नाही. दोरीवरचा ताण स्नायूला जाणवत असल्याने वस्तू मऊ आहे की कठीण, पकड किती घट्ट झाली आहे आणि बोटे किती मिटली आहेत, हे वापरणाऱ्याला न पाहताही कळे. जिवंत हातात ही जाणीव स्नायू आणि कंडरांतील संवेदकांकडून मिळते. बोगद्याच्या मार्गाने ती काही अंशी कृत्रिम हातालाही मिळत होती. १९७० च्या दशकात एडिंबरा येथील डी. सी. सिम्पसन यांनी हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले.

मर्यादाही तेवढ्याच खऱ्या होत्या. बोगद्यातील त्वचेला घाम येई. तो रोज स्वच्छ केला नाही तर तेथे दाह आणि व्रण होत. एकाहून अधिक शस्त्रक्रिया, लांबलेली तयारी आणि प्रत्येकासाठी वेगळा घडवलेला हात यांमुळे खर्च वाढे. जड अंगमेहनत करणाऱ्याला हा नाजूक हात पुरत नसे, म्हणून कार्यालयीन काम करणाऱ्यांना तो अधिक उपयोगी ठरला. काही सैनिकांनी आयुष्यभर हा हात वापरला, तर काहींनी तो बाजूला ठेवून साधा आकडा पत्करला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतही काही लष्करी रुग्णालयांत दंडाच्या स्नायूवर अशी शस्त्रक्रिया होत असे. पुढे ती मागे पडली.

म्युनिक आणि बर्लिन

१९१८ साली झाउअरब्रुख म्युनिक विद्यापीठात आले. फेब्रुवारी १९१९ मध्ये बव्हेरियाचे पंतप्रधान कुर्ट आइस्नर यांची हत्या झाली. हल्लेखोर आर्को-व्हाले हाही गोळ्या लागून गंभीर जखमी झाला होता. झाउअरब्रुख यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याचे प्राण वाचवले. म्युनिकमध्येच त्यांनी माक्स गेर्सन यांच्या कमी मिठाच्या आहाराची त्वचेच्या क्षयावर चाचणी घेतली.

१९२७ साली बर्लिनच्या शारिते रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली आणि १९४९ पर्यंत ते तेथेच होते. या काळात त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. राजे, मंत्री, कलावंत त्यांच्याकडे उपचारासाठी येत. १९३४ साली अंतिम आजारात असलेल्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्यावरही त्यांनी उपचार केले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. त्यांचा राग, सहायकांवर शस्त्रक्रियेच्या टेबलाशीच ओरडणे आणि गरीब रुग्णाशी तेवढ्याच आपुलकीने बोलणे यांबद्दल असंख्य कथा प्रचलित झाल्या. त्यांतील बऱ्याच नंतर रचलेल्या असाव्यात.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत रुडोल्फ निसेन हे विशेष उल्लेखनीय आहेत. निसेन यांनी १९३१ साली एक संपूर्ण फुप्फुस काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. ज्यू असल्यामुळे १९३३ साली त्यांना जर्मनी सोडून इस्तंबूलला जावे लागले.

नाझी राजवट

झाउअरब्रुख नाझी पक्षाचे सदस्य कधीच झाले नाहीत. राजवटीला त्यांच्या नावाचा उपयोग मात्र झाला आणि त्यांनी तो होऊ दिला. १९३३ साली त्यांनी जगातील डॉक्टरांना उद्देशून नव्या सरकारच्या समर्थनार्थ जाहीर पत्र लिहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हिटलरला पाठिंबा देण्यासाठी लाइपझिग येथे भरलेल्या प्राध्यापकांच्या सभेत ते बोलले. १९३४ साली गोरिंगने त्यांना प्रशियाच्या राज्य परिषदेवर नेमले. १९३७ साली त्यांनी जर्मन राष्ट्रीय पारितोषिक स्वीकारले. जर्मन नागरिकांना नोबेल घेण्यास बंदी केल्यानंतर हिटलरने हे पारितोषिक सुरू केले होते.

दुसरीकडे, त्यांचे शेजारी आणि मित्र असलेले ज्यू चित्रकार माक्स लीबरमान १९३५ साली वारले तेव्हा झाउअरब्रुख त्यांच्या अंत्यविधीला गेले. अगदी थोड्या प्रतिष्ठित जर्मनांनी तेवढे धाडस केले. लीबरमान यांनी १९३२ साली काढलेले त्यांचे व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे. जुलै १९४० मध्ये मानसिक रुग्ण आणि अपंगांच्या हत्यांविरुद्ध तक्रार घेऊन पाद्री ब्राउने आणि बोडेलश्विंग न्यायमंत्री ग्युर्टनर यांना भेटले, तेव्हा झाउअरब्रुख त्यांच्यासोबत होते.

सर्वांत गंभीर आक्षेप राष्ट्रीय संशोधन परिषदेतील त्यांच्या पदाशी संबंधित आहे. १९३७ पासून ते तेथील वैद्यक विभागाचे प्रमुख होते आणि अनुदानाचे अर्ज त्यांच्या हाताखालून जात. नात्सवायलर छळछावणीत आउगुस्ट हिर्ट याने कैद्यांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. त्याच्या संशोधनाला या विभागाकडून निधी मिळाला होता. मे १९४३ मध्ये लष्करी डॉक्टरांच्या एका बैठकीत राव्हेन्सब्रुक छळछावणीतील स्त्रियांवर केलेल्या सल्फा औषधांच्या प्रयोगांची माहिती कार्ल गेबहार्ट आणि फ्रिट्झ फिशर यांनी दिली. झाउअरब्रुख तेथे उपस्थित होते आणि त्यांनी निषेध नोंदवल्याचा पुरावा नाही. जखमी सैनिकाचा हात परत मिळावा म्हणून वर्षे वेचणारा शल्यविशारद या प्रसंगी गप्प राहिला. त्यांच्या चरित्रकारांना ही गोष्ट टाळता आलेली नाही.

हिटलरविरोधी कटातील लोकांशीही त्यांचे संबंध होते. बर्लिनच्या 'बुधवार मंडळ' या विद्वानांच्या गटात माजी सेनाप्रमुख लुडविग बेक त्यांच्यासोबत सदस्य होते. १९४३ साली बेक यांच्यावर झाउअरब्रुख यांनीच शस्त्रक्रिया केली होती. ट्युनिशियात उजवा पंजा, डाव्या हाताची दोन बोटे आणि डावा डोळा गमावलेले क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग हे त्यांचे पुत्र पेटर यांचे मित्र होते. २० जुलै १९४४ चा कट फसल्यावर झाउअरब्रुख यांची चौकशी झाली, परंतु त्यांच्यावर खटला चालला नाही.

अखेरची वर्षे

बर्लिनच्या लढाईच्या दिवसांत ते शारितेच्या तळघरात जखमींवर शस्त्रक्रिया करीत होते. युद्धानंतर सोव्हिएत प्रशासनाने त्यांना शहराच्या आरोग्य विभागाचे प्रमुख नेमले. राजवटीतील त्यांच्या पदांमुळे ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांना तेथून दूर करण्यात आले. नाझीकाळातील वर्तनाच्या चौकशीतून १९४९ साली त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

या वर्षांत मेंदूच्या विकारामुळे त्यांची स्मृती आणि निर्णयशक्ती ढासळत होती. शस्त्रक्रियेत चुका होत असूनही एवढ्या मोठ्या माणसाला थांबवायचे कोणी, या पेचात सहकारी आणि अधिकारी बराच काळ अडकले. डिसेंबर १९४९ मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आले. त्यानंतरही ते खाजगीरीत्या, प्रसंगी राहत्या घरीही, शस्त्रक्रिया करीत राहिले. त्याचे परिणाम रुग्णांना भोगावे लागले. लेखक युर्गेन थोरवाल्ड यांनी १९६० साली या काळावर पुस्तक लिहिले आणि झाउअरब्रुख यांच्याभोवतीच्या आख्यायिकेला पहिला मोठा तडा गेला.

'हे होते माझे आयुष्य' या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे आत्मचरित्र १९५१ साली प्रसिद्ध झाले आणि प्रचंड खपले. ते आजारी अवस्थेतील आठवणींवरून पत्रकार हान्स रुडोल्फ बेर्नडोर्फ यांनी लिहिले असून त्यातील तपशील विश्वसनीय मानले जात नाहीत. ७६ वा वाढदिवस एका दिवसावर असताना बर्लिन येथे झाउअरब्रुख यांचे निधन झाले.

नंतरचे संशोधन

स्नायू आकुंचन पावताना निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युत्-संकेतावर चालणारा पहिला कृत्रिम हात म्युनिक येथे राइनहोल्ड रायटर यांनी १९४० च्या दशकात तयार केला. या पद्धतीत त्वचेवर ठेवलेले विद्युदग्र संकेत टिपतात आणि मोटर बोटे हलवते. बोगद्याची गरज उरली नाही. पण घामाने किंवा बाही सरकल्याने संकेत बिघडतो, शेजारच्या स्नायूंचे संकेत एकमेकांत मिसळतात आणि खोलवरच्या स्नायूंपर्यंत पोहोचता येत नाही. शिवाय दोरीतून मिळणारी ताणाची जाणीव या हाताने गमावली.

हे दोष दूर करण्यासाठी एकविसाव्या शतकात संवेदक स्नायूच्या आतच बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले. अमेरिकेत रिचर्ड वेअर आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला संवेदक सुमारे १६ मिलिमीटर लांब आणि २.५ मिलिमीटर जाड आहे. त्याला स्वतःची बॅटरी नसते. बाहीत बसवलेल्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला ऊर्जा मिळते आणि तो स्नायूचा संकेत बिनतारी पाठवतो. प्रत्येक स्नायूत वेगळा संवेदक असल्याने अंगठा, बोटे आणि मनगट स्वतंत्रपणे आणि एकाच वेळी हलवता येतात. स्वीडनमध्ये दुसरा मार्ग निवडला गेला. तेथे हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या खुंटीवर कृत्रिम हात बसवतात आणि स्नायूंवरील विद्युदग्रांच्या तारा त्याच खुंटीतून बाहेर काढतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी स्नायूत दोन लहान चुंबक बसवून त्यांच्यातील अंतरावरून स्नायूची लांबी मोजण्याचे तंत्र २०२१ साली मांडले. स्नायू किती सरकतो, हेच मोजमाप १९१५ च्या सुमारास झ्युरिकमध्ये स्टोडोला यांना हवे होते.

चित्रपट आणि दूरचित्रवाणी

आत्मचरित्रावर आधारित जर्मन चित्रपट १९५४ साली प्रदर्शित झाला. त्यात एवाल्ड बाल्सर यांनी झाउअरब्रुख यांची भूमिका केली. शारिते रुग्णालयाच्या इतिहासावरील जर्मन दूरचित्रवाणी मालिकेच्या २०१९ मधील दुसऱ्या पर्वात युद्धाच्या शेवटच्या वर्षांतले झाउअरब्रुख दाखवले असून ही भूमिका उलरिश न्योथेन यांनी केली आहे.